आधी चित्राची पाठ बघा

ठाण्यात नौपाडा, चरई, उथळसर, कोपरी या भागांतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामं करायची तारीख ठरली की पंधरा दिवसांत माळे, पोटमाळे, पलंगाखालच्या ट्रंका मोकळ्या होतात आणि टेम्पो भरभरून सामान रद्दीच्या नाहीतर भंगाराच्या दुकानात जाऊन पडतं. तांब्यापितळेची भांडी लगेच वेगळी निघतात, कारण त्यांचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. चित्रांचं तसं नाही. काच तडकलेली, बुरशी धरलेली तसबीर आली की चौकट लाकडात जाते आणि आतला कागद रद्दीत.

गेली नऊ वर्षं मी अशी चित्रं उचलते आहे. त्यातली काही लिलावात गेली, बरीचशी घरातच आहेत, आणि काहींच्या बाबतीत मी फसलेही आहे. हल्ली ओळखीपाळखीतले लोक फोटो पाठवून विचारतात, "हे कुठे विकता येईल?" त्या सगळ्यांना एकेकटं सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने लिहून काढावं म्हणून हा लेख. लाखोंची आशा दाखवण्यासाठी मी लिहीत नाहीये. लिलावघराकडे जाताना तुमच्या हातात चित्राइतकीच त्याची हकिगत असावी लागते, आणि ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी आपल्याच हाताने पुसली जाते. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

मिळाल्या दिवशी

चित्र घरी आणलं की पहिल्यांदा ते पालथं घाला. आपण सगळे पुढची बाजू बघत बसतो. लिलावघरातली जाणकार मंडळी मात्र पुढून नजर फिरवतात आणि लगेच मागची बाजू मागतात.

गोखले रोडच्या मागच्या एका गल्लीतल्या रद्दीच्या दुकानात मला एक जलरंगातलं चित्र मिळालं. नदीचा घाट, वर देऊळ, पाण्याशी वाकलेल्या दोन बायका. जूनचे दिवस होते आणि गठ्ठे फुटपाथवर भिजत पडले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, फ्रेमचे द्या, कागद असाच घेऊन जा." घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि चित्र पालथं ठेवलं. मागे तपकिरी पुठ्ठा, गंजलेले बारीक खिळे, आणि एका कोपऱ्यात तसबिरीच्या दुकानाची अर्धवट सुटलेली चिठ्ठी. तिच्यावर छापलं होतं: "येथें सर्व प्रकारच्या तसबिरी बांधून मिळतील", खाली "गिरगांव, मुंबई 4", आणि पाच आकडी फोन नंबर. शेजारी पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेलं: 3-8-0.

आता या चिठ्ठीत किती गोष्टी आहेत बघा. "मुंबई 4" असं लिहिलंय, सहा आकडी पिनकोड नाही. पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला, म्हणजे चिठ्ठी बहुधा त्याआधीची. 3-8-0 म्हणजे तीन रुपये आठ आणे. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून सुरू झाली, म्हणून हिशेब त्याच्याही मागचा. "येथें" वरचा अनुस्वार जुन्या शुद्धलेखनातला. 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अर्थात जुनी माणसं पुढेही तसंच लिहीत राहिली, त्यामुळे नुसत्या अनुस्वारावर विसंबू नका. पण तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर ते पुष्कळ झालं. आतल्या कागदावर सहीखाली 1938 साल होतं. ते सहज पटावं अशी साक्ष त्या पाठीने दिली होती.

म्हणून पहिल्या दिवशी कशालाही हात न लावता फोटो काढा. अख्खी पुढची बाजू, अख्खी मागची बाजू, चारही कोपरे, प्रत्येक चिठ्ठी, शिक्का, खिळ्याची जागा, सही. पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्र घातलेलं असेल तर त्याची तारीख. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्याही मागेच असतात. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून आहे आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनात गेलेल्या चित्रांच्या पाठीवर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, कधी पत्ता आणि किंमतसुद्धा सापडते. पुढच्या काळातल्या चित्रकारांच्या बाबतीत तर पाठ जास्तच महत्त्वाची. गायतोंडे बहुतेक कॅनव्हासच्या मागे सही करत, देवनागरीतही. रझा मागच्या बाजूला नाव, साल, चित्राचं शीर्षक लिहून ठेवत. मागचा कॅनव्हास "घाण दिसतोय" म्हणून कुणी नवीन कापड चिकटवलं तर काय जातं, हे त्यावरून समजेल.

पुसू नका, कापू नका, चिकटवू नका

माझ्या माहेरी रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. आजीच्या देवघरातली. काचेला तडा गेला म्हणून मी ती नवीन चौकटीसाठी एका दुकानात दिली. आठ दिवसांनी आणायला गेले तेव्हा चौकट सुरेख बसली होती, पण चित्राच्या खालची पांढरी पट्टी कुठे दिसेना. विचारलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, कडा पिवळ्या पडल्या होत्या, सरळ कापून दिल्या." त्या पट्टीवर चित्राचं नाव आणि प्रेसचं नाव होतं. कापलेली पट्टी कचऱ्यात गेली होती. पुढे एका जाणकार बाईंनी ते चित्र पाहिलं आणि इतकंच म्हणाल्या, "कडा असत्या तर बरं झालं असतं." ती लक्ष्मी मी विकणार नव्हतेच, पण अजून ती भिंतीवर बघताना खालच्या कडेकडे नजर जाते.

म्हणून चौकटवाल्याला कागदावर लिहून द्या: काहीही कापायचं नाही, चिकटवायचं नाही, जुना पुठ्ठा आणि चिठ्ठी परत द्यायची. लॅमिनेशन तर मुळीच नाही. ओल्या फडक्याने जलरंग पुसलात तर रंग फडक्यावर येतो. सेलोटेप काही वर्षांत कागदात तपकिरी डाग बनून मुरते आणि मग निघत नाही.

भिजलेलं चित्र उन्हात टाकू नका. खोलीत पंखा लावून, टिपकागदावर सपाट ठेवून वाळू द्या. ठाण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, त्या भिंतीला चित्र टेकवून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. कसर, वाळवी दिसली तर ते चित्र बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. तैलरंग सुटत असतील, कॅनव्हास फाटला असेल तर घरगुती उपाय नकोत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे आणि खासगी संवर्धकही काम करतात. पण दुरुस्तीला देण्याआधी लिलावघराला चित्र आहे तसंच दाखवा. त्यांना पुष्कळदा न दुरुस्त केलेलंच हवं असतं, आणि दुरुस्तीचा खर्च चित्राच्या किमतीपेक्षा जास्त झाला तर तो तुमच्याच खिशातून जातो.

छापील की हाताचं

2023 मध्ये रविवर्म्यांचं यशोदा-कृष्णाचं तैलचित्र पंडोल्स या लिलावघराच्या लिलावात 38 कोटींना गेलं. ती बातमी आल्यावर माझ्याकडे आठवड्यात चार जणांनी रविवर्म्यांच्या तसबिरींचे फोटो पाठवले. सगळ्या छापील होत्या. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून देवादिकांची चित्रं घराघरात पोचली. त्या छापील तसबिरींना, म्हणजे ओलिओग्राफना, स्वतःची किंमत आहे, जुन्या आणि चांगल्या राखलेल्या असतील तर चांगलीच. पण मूळ चित्र वेगळं आणि छाप वेगळी.

ओळखायला दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. चित्रातल्या चेहऱ्यावर, गालाच्या सावलीवर ते धरा. एकसारख्या ओळीत, फुलीफुलीसारखे बसलेले बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट छपाई. जुन्या दगडी छापात ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, एकमेकांवर चढलेले असतात आणि प्रत्येक रंग वेगळा टेकवल्याचं जाणवतं. ओलिओग्राफवर वार्निश लावून तैलचित्राचा भास आणलेला असतो, कधी कॅनव्हासचा पोतही दाबून उठवलेला असतो. म्हणून हाताला खरखरीत लागलं एवढ्यावर हुरळून जाऊ नका. हाताच्या जलरंगात रंगाची ओल जिथे थांबली तिथे गडद कड दिसते आणि खाली पेन्सिलीच्या रेघा असतात. कागद उजेडासमोर धरला तर त्यात कागद बनवणाऱ्याचं नाव दिसू शकतं. इंग्रजी व्हॉटमन कागदात कधीकधी वर्षही असतं, आणि चित्र त्या वर्षाच्या आधीचं असूच शकत नाही.

तैलचित्रासाठी रात्री दिवे घालवून टॉर्च बाजूने, तिरका धरा. भेगा, फुगे, ठिगळं दिसतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाला तर जुनं वार्निश हिरवटसर चमकतं आणि नंतर मारलेला रंग त्यावर काळपट उठून दिसतो. सही तशी काळी, वार्निशच्या वर तरंगताना दिसली तर सावध व्हा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथल्या कितीतरी ड्रॉइंग मास्तरांनी, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी नामवंतांच्या चित्रांच्या नकला अभ्यास म्हणून केल्या. त्यात लबाडी नव्हती. हळदणकर, धुरंधर, आचरेकर यांच्या धर्तीवरचं चित्र सापडलं म्हणजे ते त्यांचंच असेल असं नाही. तसंच दलाल किंवा मुळगावकरांचं मुखपृष्ठ असलेला दिवाळी अंक ही एक गोष्ट, आणि त्या मुखपृष्ठासाठी हाताने रंगवलेलं मूळ चित्र ही फार वेगळी गोष्ट.

डोळा तयार व्हायला एकच मार्ग आहे, खरी चित्रं बघत राहणं. फोर्टमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि जहांगीर कलादालन. ठाण्याहून लोकलने एका दिवसात यातली दोन होतात. लिलावाआधी लिलावघरं चित्रं लोकांना बघायला मांडतात, ती संधी तर चुकवूच नका. तिथे मान खाली घालून चोरासारखं फिरायची गरज नसते, विचारलं तर माणसं नीट सांगतात.

कायदा, थोडक्यात पण पक्का

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा 1972 चा, अंमलात आला 1976 मध्ये. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित, ही पुरावस्तू ठरते. ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. तसं केलं तर तुरुंगवास आहे. देशात विकता येते, पण त्यांचा धंदा करायला परवाना लागतो, आणि चित्रं, मूर्ती, सचित्र पोथ्या यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. नोंद झालेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर गेली की तेही कळवायचं असतं. माझ्याकडे परवाना नाही, म्हणून रद्दीत शंभरीच्या पुढचं काही दिसलं तर मी विकत घेऊन पुढे विकत नाही. तुमच्याच घरातली पिढीजात वस्तू असेल तर नोंद करून परवानाधारक लिलावघरामार्फत द्या.

रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ ठाकूर, जामिनी रॉय, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झालेलं आहे. तेही बाहेर जात नाही. हस्तिदंतावर रंगवलेली छोटी चित्रं, हस्तिदंती मूर्ती यांना हात लावू नका, वन्यजीव कायद्याने तो व्यापारच बंद आहे. आणि घर पाडताना जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. 10 रुपयांच्या वर किंमत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

चिठ्ठी घ्या

रद्दीवाल्याकडून घेताना मी दोन ओळींची पावती लिहून घेते. तारीख, "एक तसबीर, घाटाचं चित्र, पाण्याने डागळलेलं", रक्कम, त्याची सही. सुरुवातीला तो हसायचा, आता स्वतःच पेन काढतो. चोरीचा माल कुणाच्याही घरातून बाहेर पडू शकतो, आणि उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे कागद असावा. रद्दीच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या. त्या चित्राचे मी 600 रुपये दिले आणि माल कुठल्या इमारतीतून आला तेवढं विचारून घेतलं.

हे विचारणं फार उपयोगी पडलं. त्या इमारतीतलं कुटुंब भाड्याने घोडबंदर रोडला राहायला गेलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना विचारून मग नंबर दिला. फोनवर काकू म्हणाल्या, "अगं, ते होय! मामंजींचे मित्र होते, कोकणात शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्या सासूबाईंच्या लग्नात दिलेलं." मी भेटायला गेले. काकूंनी स्वतःच्या लग्नाचा फोटो दाखवला, त्यात मागच्या भिंतीवर तेच चित्र होतं, घाटाच्या पायऱ्या ओळखू येत होत्या.

मी त्यांना सरळ सांगितलं की हे लिलावात देण्याचा विचार आहे, पैसे येतील, किती ते माहीत नाही, आणि तुमचं पत्र मिळालं तर चित्राला वजन येईल. "आम्ही तर रद्दीत टाकलेलं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, खर्च वजा जाता जे राहील ते निम्मं निम्मं. ते आम्ही साध्या कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. मला वाटतं असंच करावं. ज्यांच्या आठवणीमुळे चित्राची किंमत वाढते त्यांना अंधारात ठेवून पैसे घेणं बरोबर नाही, आणि व्यवहाराच्या बाजूनेही नंतरच्या तक्रारीपेक्षा आधीचा कागद स्वस्त पडतो.

काकूंनी पत्र मराठीतच लिहिलं: चित्र कुणी, कुणाला, कधी दिलं, घरात कुठे लावलेलं असे, कधी बाहेर गेलं. सोबत लग्नाच्या फोटोची प्रत. लिलावघरातली माणसं याला प्रोव्हेनन्स म्हणतात. गॅलरीचं चकचकीत प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं नसतं. कुणी न ऐकलेल्या गॅलरीच्या प्रमाणपत्रापेक्षा अशा पत्राचा आणि फोटोचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

कोणाकडे जायचं

मुंबई हाताशी आहे हे आपलं भाग्य. सॅफ्रनआर्ट 2000 पासून आहे, अस्टागुरू 2008 पासून, पंडोल्सची गॅलरी 1963 ची आणि ते लिलावही करतात. नाणी, नोटा, पदकं असतील तर टोडीवालांसारखी त्यातलीच खास घरं आहेत. तिथे चित्र नेऊ नका आणि चित्रांच्या घराकडे नाणी नेऊ नका. आधी त्यांच्या संकेतस्थळांवर मागचे लिलाव बघा. तुमच्या चित्रकाराचं किंवा तशाच काळातलं काम कुठे, किती आकाराचं, किती रुपयांना गेलं हे तिथे सापडतं. आकार आणि माध्यम जुळवूनच तुलना करा. एखाद्याचं तैलचित्र लाखांत गेलं म्हणून त्याचं पेन्सिलचित्र लाखांत जाईल असं नाही.

मोठ्या नावांच्या संध्याकाळच्या लिलावात आपल्यासारख्यांच्या चित्राला जागा मिळणं कठीण. पण बहुतेक घरं कमी किमतीच्या कामांसाठी वेगळे ऑनलाइन लिलाव करतात, काही "नो रिझर्व्ह" म्हणजे किमान किंमत न ठेवता. नवख्याची सुरुवात बहुधा तिथेच होते.

ईमेलमध्ये गोष्ट रंगवून सांगू नका. मी काय लिहिलं ते सांगते: कागदावर जलरंग, 28 बाय 38 सेंटिमीटर, उजव्या कोपऱ्यात खाली सही आणि 1938. डाव्या वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, दोन ठिकाणी तपकिरी ठिपके, कडा शाबूत. मूळ चौकट आणि चौकटवाल्याची चिठ्ठी जपून ठेवली आहे. मालकीचा इतिहास आणि कुटुंबाचं पत्र सोबत. मापात उंची आधी आणि रुंदी नंतर लिहायची, ती त्यांची रीत आहे. डाग, फाटलेलं, दुरुस्त केलेलं सगळं सांगा. लपवलेलं त्यांना चित्र हातात घेताच कळतं आणि मग बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास जातो. फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, काच काढता येत असेल तर काच काढून.

मला उत्तर तीन आठवड्यांनी आलं. लवकर आलं नाही म्हणून रोज फोन करू नका. नकार आला तर कारण बहुधा सांगत नाहीत. "आमच्या आगामी लिलावांसाठी योग्य नाही" एवढंच येतं. त्याचा अर्थ बनावट असाच होत नाही, पण दोनतीन घरांनी सहीबद्दल शंका घेतली तर ती मनावर घ्या, आणि पुढच्याला ती सांगा.

करार आणि आकडे

होकार आला की ते करार पाठवतात. सोबत पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक मागतात. करार घाईत सही करू नका, एक रात्र ठेवा. त्यात मी या गोष्टी शोधते: त्यांचा कमिशनचा टक्का किती, फोटो आणि विम्याचे पैसे कोण देणार, चित्र त्यांच्याकडे असताना नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, मी चित्र मागे घेतलं तर दंड किती, विकलं न गेल्यास किती दिवसांत न्यायचं, खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय, आणि माझे पैसे किती दिवसांत. कमिशनवर बोलता येतं. फोटोचा खर्च माफ करा म्हणून विचारायला लाजू नका.

अंदाजित किंमत दोन आकड्यांत देतात, कमी आणि जास्त. रिझर्व्ह म्हणजे त्याखाली विकायचं नाही ही आपसातली किंमत, ती साधारण कमी अंदाजाइतकी किंवा त्याहून खाली असते. इथे नवखी माणसं हट्ट करतात आणि आकडा वर ठेवून घेतात. तसं करू नका. चढा आकडा बघून लोक बोलीच लावत नाहीत. कमी आकड्यावर दोघातिघांना रस वाटला की तेच एकमेकांना वर नेतात.

बातमीत जी किंमत येते तीत पुष्कळदा खरेदीदाराने बोलीच्या वर लिलावघराला दिलेला प्रीमियमही मिसळलेला असतो. तो तुमचा नाही. तुमचा हिशेब हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली पक्की झाली, त्या आकड्यावरून सुरू होतो. माझ्या घाटाच्या चित्राचा अंदाज 40 ते 60 हजार होता, हातोडा पडला 70,000 वर. कमिशन 10 टक्के म्हणजे 7,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,260. फोटो आणि विमा 2,500, त्यावर जीएसटी 450. हातात आले 58,790. काकूंचे 29,395 त्यांच्या खात्यात गेले. माझ्या 600 रुपयांवर मला जे मिळालं ते उत्तमच होतं, पण जूनमध्ये सापडलेल्या चित्राचे पैसे मार्चअखेर आले. घाईच्या गरजेसाठी ही वाट नाही.

नेताना आणि नंतर

चित्र वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, मग बाहेरून बबलरॅप. बबलरॅप थेट रंगाला लागला तर दमट हवेत त्याचे गोल उमटतात. काच असेल तर तिच्यावर कागदी टेपच्या फुल्या मारा, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे त्रिकोण. लहान चित्र असेल तर मी दुपारी बाराच्या सुमाराची धीमी लोकल धरते, त्या वेळी डब्यात मांडीवर धरून बसायला जागा मिळते. दोन फुटांच्या वरचं असेल तर गाडीच. सोपवताना पावतीवर चित्राची अवस्था लिहून घ्या आणि त्यांच्यासमोरच फोटो काढा.

कॅटलॉग निघाला की तुमच्या चित्राची नोंद अक्षरन् अक्षर वाचा. माझ्या नोंदीत साल चुकून 1958 पडलं होतं. मी कळवल्यावर ऑनलाइन लगेच दुरुस्त केलं. "यांचं" आणि "यांच्या शैलीतलं" यात किमतीचा केवढा फरक आहे हेही तिथेच बघा. ऑनलाइन लिलाव संपायच्या शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ पुढे सरकते, त्यामुळे पहिले काही दिवस बोली शून्य दिसली तरी घाबरू नका. आपल्याच चित्रावर स्वतः किंवा मित्राकडून बोली लावणं हे करारभंग आहे आणि फसवणूकही.

पैसे खात्यातच घ्या. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. चित्रं घरातल्या वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, म्हणून नफ्यावर कर लागतो. चित्र 24 महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर 12.5 टक्के, त्याच्या आत विकलंत तर तुमच्या नेहमीच्या दराने. माझ्यासारखं दर वर्षी घेत-विकत असाल तर ते धंद्याचं उत्पन्न समजलं जाईल. रद्दीवाल्याची ती दोन ओळींची पावती इथे परत कामाला येते, खरेदीची किंमत दाखवायला. सीएला दाखवायची फाईल पहिल्या दिवसापासून करा.

चित्र विकलं गेलं नाही तर लिलावघर कधीकधी नंतर कमी किमतीची विचारणा घेऊन येतं. दोन दिवस विचार करून उत्तर द्या. तेही जमलं नाही तर मुदतीत परत आणा, नाहीतर ठेवण्याचं भाडं लागतं. आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या घराकडे धावू नका. न विकल्याची नोंद सगळ्यांना दिसते, आणि तेच चित्र लगेच पुन्हा आलं की बोली आणखी खाली जाते. माझ्याकडचं एक तैलचित्र असं परत आलं. ते मी बटर पेपरमध्ये गुंडाळून आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलंय. दर दिवाळीला उघडून मागून-पुढून बघते, आणि तीन वर्षं झाल्याशिवाय ते कुणाला दाखवणार नाही.